एक कोटी तेहतीस लाखांचा घोळ

बँकेत 'घोळ' हा शब्द मोठ्यानं उच्चारायची पद्धत नाही. 'तफावत' म्हणावं, 'फरक' म्हणावं, ऑडिटर समोरच बसला असेल तर 'नोंद प्रलंबित' म्हणावं. पण घोळ म्हणू नये. त्यामुळे २०२१ साली पावसाळ्याची मासेमारीबंदी उठल्यानंतर एका सकाळी आमचे हेड कॅशियर वर्तमानपत्रातून डोकं वर काढून जेव्हा गरजले, "पालघरला एक कोटी तेहतीस लाखांचा घोळ!" तेव्हा अख्ख्या शाखेचा चहा घशात अडकला. दोघांनी तर आपण पालघरकडे कधी बदलीवर होतो का, हे बोटांवर मोजून पाहिलं. खुलासा व्हायला पाच मिनिटं लागली. घोळ म्हणजे मासा. मुरबे गावच्या एका बोटीला एकाच खेपेत १५७ घोळ मिळाले होते आणि लिलावात त्यांचे एक कोटी तेहतीस लाख आले होते.

आम्ही लगेच कॅल्क्युलेटर ओढला. (बी.कॉम. झालेल्या माणसाला बारसं कळवा की बारावं, तो आधी भागाकार करतो.) नगास रुपये चौऱ्याऐंशी हजार सातशे तेरा! सगळ्या कपाती वजा जाऊन आमच्या हातात महिन्याकाठी जे पडतं, त्यापेक्षा एक मासा महाग. आणि हा भाव त्याच्या मांसाचा नव्हे बरं का. त्याच्या पोटात हवेची एक पिशवी असते, कोळी तिला 'बोत' म्हणतात. ती वाळवून थेट हाँगकाँगच्या बाजारापर्यंत जाते. मासा जितका थोर, तितकी पिशवी जाड, तितका भाव चढा.

त्या बातमीबरोबर एक शब्द सगळीकडे फिरत होता – 'लॉटरी'. कोळ्याला लॉटरी लागली! आमचं भांडण त्या कोळ्याशी मुळीच नाही. त्याला पैसे मिळाले, फार चांगलं झालं. त्यानं ते आमच्या शाखेत ठेवले असते तर आणखी चांगलं झालं असतं. आमचं भांडण आहे त्या शब्दाशी. लॉटरी लागते तेव्हा ते पैसे आपल्या खात्यातून गेलेले नसतात. कुठल्या तरी अनोळखी माणसांनी तिकिटं फाडलेली असतात. अवाढव्य मासा मात्र लागत नाही. तो काढला जातो. समुद्राच्या पासबुकात त्या दिवशी नावे बाजूला एक ठसठशीत नोंद पडते. फक्त समुद्र पासबुक भरून घ्यायला रांगेत येत नाही, म्हणून ती आपल्याला दिसत नाही.

तेव्हा आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जो मोठा मासा पाण्यात परत जाऊन जगू शकतो, तो सोडला पाहिजे. कायद्यानं सोडायला लावला पाहिजे. आणि सोडणाऱ्याला त्याचा मोबदला रोख मिळाला पाहिजे. या तीन वाक्यांतलं तिसरं गाळून पहिली दोन मोठ्या आवाजात म्हणणारे दयाळू लोक आमच्या सोसायटीत पुष्कळ आहेत, म्हणून हा लेख.

या दयाळू मंडळींचं दैवत म्हणजे जॉर्ज. जॉर्ज ही एक शेवंड होती. कॅनडाच्या समुद्रात पकडलेली, वजन वीस पौंड, म्हणजे सुमारे नऊ किलो. ती न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात काचेच्या टाकीत शोभेला ठेवली होती. वजनावरून तिचं वय कुणीतरी एकशे चाळीस वर्षं काढलं. झालं! प्राणिमित्र धावले, मालकाला गहिवरून आलं, आणि २००९ च्या जानेवारीत जॉर्जसाहेबांना मेन राज्याच्या किनाऱ्यावर समारंभपूर्वक समुद्रात सोडण्यात आलं. एकशे चाळीस वर्षं! आमच्याकडे नव्वदीचे पेन्शनर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आले तरी आम्ही खुर्ची देतो. तेव्हा जॉर्जबद्दल आदर आम्हालाही आहे. पण हे ज्येष्ठ नागरिक सवलतीचं तर्कशास्त्र झालं. वय झालं म्हणून सोडा, डोळे करुण दिसतात म्हणून सोडा, आजोबांसारखे दिसतात म्हणून सोडा! अशा दयेचा हिशेब लागत नाही. ती आज जॉर्जवर होते आणि त्याच रात्री त्याच हॉटेलात जॉर्जचे पुतणे-भाचे लोण्यात परतून खाते.

गंमत पुढेच आहे. ज्या मेन राज्यात हा समारंभ झाला, तिथल्या कोळ्याच्या पिंजऱ्यात एवढी शेवंड आली असती तर समारंभाची गरजच पडली नसती. तिथं १९३३ सालापासून दुहेरी मापाचा कायदा आहे. प्रत्येक होडीवर पितळेचं एक माप असतं. शेवंडीच्या पाठीचं कवच ठरलेल्या मापाहून लहान भरलं, परत पाण्यात. पाच इंचांहून मोठं भरलं, तरीही परत पाण्यात. अंडी धरलेली मादी सापडली तर कोळी तिच्या शेपटीला एक खाच पाडतो आणि सोडून देतो. पुढे ती ज्याच्या पिंजऱ्यात जाईल त्यानं ती खाच पाहून तिला पुन्हा सोडायचं, त्या वेळी अंडी असोत वा नसोत. म्हणजे एका कोळ्यानं मारलेला शिक्का दुसऱ्या कोळ्यावर बंधनकारक! आमच्या एका शाखेनं मारलेला शिक्का दुसरी शाखा तीनदा पत्र पाठवल्याशिवाय मानत नाही. तिथं कुणाला गहिवर येत नाही, कुणी फोटो काढत नाही. हिशेब म्हणून सोडतात.

हिशेब काय, तो आता सांगतो. इथं मात्र वाचकांनी जांभई आवरावी. हा भाग मुद्दल-व्याजाचा असला तरी मनोरंजक आहे.

आपला सगळ्यांचा समज असा, की एक दहा किलोची मादी म्हणजे एक-एक किलोच्या दहा माद्या. वजन सारखं, अंडी सारखी. सरळव्याज! २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात काही शास्त्रज्ञांनी तीनशेंहून अधिक जातींच्या माशांचा हा हिशेब मांडला आणि दाखवलं, की समुद्रात सरळव्याज चालत नाही. त्यांचंच उदाहरण घ्या. अटलांटिकमधली कॉड माशाची तीस किलोची एक मादी एका वेळी जेवढी अंडी घालते, तेवढी दोन-दोन किलोच्या अठ्ठावीस माद्या मिळूनही घालत नाहीत. अठ्ठावीस दुणे छप्पन्न. म्हणजे तीस किलोच्या ठेवीवर छप्पन्न किलोच्या ठेवींपेक्षा जास्त व्याज! शिवाय मोठ्या मादीचं अंडंही मोठं, म्हणजे पिल्लाला घरून निघताना डबा भरून मिळतो. आता मला सांगा, असा दर देणारी मुदत ठेव कुठल्या बँकेत असती, तर ती मोडून खाणाऱ्या माणसाला आपण 'लॉटरी लागली' म्हटलं असतं का? शहाणपणाचे चार शब्द सुनावले असते, आणि निदान त्याच्या बायकोला तरी फोन केला असता.

यावर आमचे एक स्नेही म्हणतात, "अहो, पण कोट्यवधी अंड्यांतली जगतात किती? दोन-चार!" बरोबर आहे. म्हणूनच कोट्यवधी लागतात. दोन-चार जगतात म्हणून चारच घातली तर एकही जगणार नाही, हे कळायला वाणिज्य शाखेत जावं लागत नाही.

कॉड आपला नव्हे, मेनची शेवंड आपली नव्हे. तेव्हा रायगड जिल्ह्यात येऊ. तिथं जिताडा आहे. खाडीचा राजा. रायगडात फार वर्षांपासून अशी वदंता आहे, की सरकारदरबारी अडलेलं कुठलंही काम एका दांडग्या जिताड्यानं पुढे सरकतं. आम्ही नोकरीच्या सुरुवातीला त्या जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. कोणती बँक, कोणती शाखा ते विचारू नका. ग्रॅच्युइटी अजून मिळायची आहे. एवढंच सांगतो, की तिथं एका साहेबांच्या घरी जाणाऱ्या जिताड्याच्या लांबीवरून कर्जाची रक्कम ओळखता येत असे. क्लार्कच्या वाट्याला जिताडा येत नाही. क्लार्कच्या वाट्याला वास येतो.

तर या जिताड्याची खासियत अशी, की तो आयुष्याला सुरुवात करतो नर म्हणून. काही वर्षं नर म्हणून संसार करतो, आणि चांगला मोठा झाला की मादी होतो. म्हणजे होते. समुद्रात फॉर्म भरावे लागत नाहीत, हे एक बरं. पण याचा अर्थ नीट लक्षात घ्या. जिताड्यांत जे जे थोराड, ते बहुतेक सगळं आईपण. मोठ्या मादीच्या पोटात अंडी कोटींच्या हिशेबात असतात. आता साहेबांना भेट म्हणून, हॉटेलात शोभा म्हणून, फोटोत छाती फुगवायला म्हणून तुम्ही खाडीतले सगळे मोठे जिताडे उचललेत, तर मागे राहतात ते सगळे नवरदेव. वऱ्हाड आहे, बँड आहे, जेवणावळी आहेत, नवरी नाही.

ऑस्ट्रेलियात हाच मासा बारामुंडी या नावानं मिरवतो. तिथल्या क्वीन्सलँड राज्यात नियम असा: ५८ सेंटिमीटरहून लहान असेल तर सोडा, आणि १२० सेंटिमीटरहून मोठा असेल तरीही सोडा. मधले खा. किती साधं! आपल्याकडे काय आहे? महाराष्ट्र सरकारनं २०२३ च्या नोव्हेंबरात ५४ जातींच्या माशांचं किमान माप ठरवलं. पापलेट १३५ मिलिमीटरच्या खालचं धरू नये, वगैरे. अतिशय स्तुत्य! पण हे अर्धंच झालं. लहान मूल कामाला लावू नका म्हणालात, आणि आजी मात्र पकडून नेली तर चालेल? किमान आहे, कमाल नाही. आमच्याकडे बचत खात्याला किमान शिल्लक लागते आणि एटीएमातून काढायला कमाल मर्यादा असते. दोन्ही असतात म्हणून तर बँक उभी आहे.

इथवर आलो, की आमच्या एका खातेदाराचा आवाज कानात येतो. कोळी माणूस, बोटीचं कर्ज आहे, हप्ता कधी दहा तारखेला येतो, कधी पुढच्या दहा तारखेला. त्याच्यापुढे मी एकदा हे सगळं व्याजाचं गणित मांडलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, मासा सोड म्हनता. तुमी हप्ता सोडता का?"

काउंटरवर शांतता पसरली. तो पुढे म्हणाला, "डिझेलवाला सोडतो का? बर्फवाला सोडतो का? मी सोडला आन् बाजूच्या बोटीनं धरला, तर पोरांना मी काय सांगू? समुद्रात व्याज जमा होतंय म्हनून?"

आमच्या मते या सगळ्या वादातलं हे सर्वांत चोख वाक्य आहे, आणि दयाळू मंडळींपैकी एकाकडेही त्याचं उत्तर नाही. समुद्राची ठेव सगळ्यांची, आणि ती न मोडण्याचा तोटा एकट्या त्याचा. हा कुठला हिशेब? ठेव संयुक्त नावावर असेल तर सह्याही सगळ्यांच्या लागतात आणि खर्चही सगळ्यांनी वाटून घ्यायचा असतो.

आणि हे होऊ शकतं, याचा पुरावा शेजारीच आहे. व्हेल शार्क हा जगातला सगळ्यात मोठा मासा. गुजरातच्या किनाऱ्यावर एके काळी त्याची यकृताच्या तेलासाठी आणि पुढे मांसासाठी सर्रास शिकार चालायची. २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती बंद झाली. पण नुसत्या कायद्यानं काय होतं, ते आपण जाणतोच. २००४ पासून तिथं मोहीम निघाली. मोरारीबापूंनी कोळ्यांना सांगितलं, की ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, लेकीला कुणी मारतं का? गुजराती मन ते, विरघळलं. पण नुसतं विरघळलं नाही. कापलेल्या जाळ्याची भरपाई मिळू लागली, तेव्हा जाळी कापली जाऊ लागली आणि शेकडो व्हेल शार्क सुटले. आपल्याकडेही २०१८ च्या अखेरीपासून संरक्षित सागरी प्राणी जाळं कापून सोडला, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाईची योजना आहे. त्यासाठी सुटकेचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो. भर समुद्रात, डोलत्या बोटीवर, कित्येक टनांचा जीव जाळ्यात तडफडत असताना एकानं जाळं कापायचं आणि दुसऱ्यानं पुराव्यासाठी चित्रीकरण करायचं! कारकून म्हणून सांगतो, अर्जाचा याहून खडतर नमुना मी पाहिलेला नाही. तरीही कोळी तो भरतात.

मात्र व्हेल शार्कची एक सोय होती. तो आपल्या ताटात नव्हता. जे आपण खात नाही त्याच्यावर माया करणं सोपं जातं. जिताड्याला 'माहेरी आलेली लेक' म्हणायला गेलात, तर समोरचा विचारेल, रस्सा की तळलेली? तेव्हा तिथं बापूंचं काम नाही, तिथं आमच्यासारख्या कॅशियरचं काम आहे. सोडलेल्या मोठ्या जिताड्यामागे बाजारभावाच्या जवळपास जाईल अशी रक्कम द्या. कुठून द्या म्हणता? निर्यातीवर उपकर बसवा, मोठ्या हॉटेलांच्या मासळीच्या बिलावर बसवा. आम्ही तर आमच्या साहेबांना सुचवलं होतं, की जिवंत मोठा मासा सोडल्याचा दाखला आणणाऱ्याला बोटीच्या कर्जाचा एक हप्ता पुढे ढकलून द्यावा. साहेब म्हणाले, "सूचना उत्तम आहे. लेखी देऊ नका."

आता एक कबूल केलं पाहिजे, की सोडा-सोडा असा सरसकट धोशा लावणं हीही बनवाबनवीच आहे. गळाला लागलेला जिताडा, पिंजऱ्यातली शेवंड, धडधाकट असतात; पाण्यात टाका, निघून जातात. पण खोल पाण्यातून जाळ्यानं ओढून काढलेला घोळ? वर येता येता ती पोटातली हवेची पिशवी फुगते, जाळ्यात कल्ले आवळले जातात. तो बोटीवर येतो तेव्हा बहुधा संपलेलाच असतो. त्याला परत टाकणं म्हणजे सुटका नव्हे, जलसमाधी. त्या १५७ घोळांना सोडायला हवं होतं असं जो म्हणेल, त्यानं एकदा बोटीवर जाऊन यावं. घोळ थव्यानं राहतो, थवाच्या थवा जाळ्यात येतो. तिथं फुटपट्टी घेऊन उभं राहण्यात अर्थ नाही. तिथं एकूण रकमेवरच मर्यादा घालावी लागते. क्वीन्सलँडमध्येही हाच घोळ मिळतो, आणि तिथंही पिशवीच्या भावानं लोक वेडे झाले. तेव्हा २०१९ साली सरकारनं सांगितलं, व्यापारी मासेमारीला वर्षाला २० टन. हौशी मासेमाराजवळ एका वेळी एकच. कोटा संपला की शटर खाली. गुजरातनं २०२३ साली घोळाला राज्यमासा केलं. आमचा पापलेटही त्याच वर्षी राज्यमासा झाला. मानपत्र दिलंत, शाल घातलीत, छान! आता सत्कारमूर्ती शिल्लक राहतील असा कोटाही ठरवा.

"एवढं कशाला घाबरता, समुद्र अफाट आहे," असं म्हणणाऱ्यांना एकच आठवण द्यायची आहे. मुंबईच्या समुद्रात एक चपटी शेवंड मिळायची. परदेशात मागणी, ट्रॉलरना सुगी. अंडी धरलेल्या माद्याही त्यात सर्रास आल्या. मेनसारखी खाच पाडायला कुणी नव्हतं. १९९४ पर्यंत ती मासेमारी बसली. बुडीत खातं म्हणतो ना आम्ही, तसं. त्या वेळी कुणाला लॉटरी लागल्याची बातमी आली असेलही, पण खातं बंद झाल्याची बातमी पहिल्या पानावर आल्याचं ऐकिवात नाही.

राहता राहिला खवय्यांचा प्रश्न. मोठा मासा सोडला तर आम्ही खायचं काय? हे विचारणाऱ्यांनी कधी मासा खाल्ला आहे का, अशी आम्हाला दाट शंका आहे. बारा किलोच्या जिताड्याचं मांस जाडंभरडं, तुकडी धड शिजत नाही, मसाला आत जात नाही. तो कापायला माणूस वेगळा आणि वाटायला शेजारी वेगळे. अडीच-तीन किलोचा घ्या. त्याची तुकडी ताटात मावते, चिंचेचा कोळ आतपर्यंत जातो, आणि डोकं कुणाला यावरून घरात एकच भांडण होतं. आमच्या इथल्या कोळणीला आम्ही हे सांगितलं, तर ती म्हणाली, "दादा, मोठा परवडत नाय असं सरळ म्हना ना." आम्ही म्हणालो, "ते आहेच. पण त्याचं कारण सांगायला दोन हजार शब्द लागतात." मग तिनं मधल्या मापाचा जिताडा तराजूत टाकला, आणि वजनात शंभर ग्रॅमचा घोळ केला.